बादलीतला समुद्र

७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजचं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. हौस म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. शिक्षण कार्यालयात कुणाविरुद्ध तक्रार नेली की तिथला कारकून मान वर न करता पहिला प्रश्न विचारतो, "तारीख?" मागच्या खेपेला मी गप्प उभी राहिले होते. या खेपेला तारखेसकट देणार.

इल्डा कोराहुआ. वय सत्तावीस. मार्चपासून माझ्या शाळेत शिक्षिका; मुख्याध्यापिका मी. जन्म पार वरच्या डोंगरात, जिथे बटाटे थंडीत गोठवून वाळवतात. समुद्र पहिल्यांदा पाहिला एकोणिसाव्या वर्षी. हे तिने पालकसभेत स्वतःच हसत हसत सांगितलं. आणि ही बाई आमच्या पुंता अमार्गा गावातल्या कोळ्यांच्या पोरांना समुद्र शिकवणार!

आज सकाळी सहा वाजता ती वरच्या वर्गाची अकरा मुलं घेऊन धक्क्यावर गेली. दोरीला बादली बांधून पाण्यात सोडली, वर ओढली, बादलीत थर्मामीटर बुडवला आणि पोरांकडून आकडा ओरडून घेतला. मग शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगाने रकाने आखले. तारीख, समुद्र, वारा, पक्षी. मला विचारलंसुद्धा नाही.

"भिंत कोणाची?" मी विचारलं.

"शाळेची, बाई."

"आणि शाळा कोणाची?"

"मुलांची," म्हणाली.

उलट उत्तर. नोंद केली. भिंतीवरचा आकडाही उतरवून घेतला, पुरावा अर्धवट नको. समुद्र १८ अंश. वारा दक्षिणेचा. पक्षी भरपूर.

१० नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या कचेरीतली किटली गायब. शोधत गेले तर ती वर्गात, आणि वर्गाची मच्छी बाजारासारखी अवस्था. दोन पातेली मांडलेली. एकात मासळीच्या बर्फाचं पाणी, दुसऱ्यात माझ्या किटलीतलं उकळतं. दोन्हींवर काच. गरम पातेल्याच्या काचेखाली थेंब जमून टपटप पडत होते, थंडावरची काच कोरडी.

"पाऊस कुठे पडला?" तिने विचारलं.

"गरमावर!"

"आणि आपला समुद्र कसा?"

"थंड!" अकराच्या अकरा ओरडले.

मग ती सांगायला लागली. दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह आपल्या किनाऱ्याला घासून जातो, त्याच्यावरची हवा थंड पडते, थंड हवा जड आणि आळशी, ती वर चढतच नाही. वर चढली नाही तर ढग कसले आणि पाऊस कसला? नुसतं सकाळचं धुकं. म्हणून समुद्राला चिकटून राहूनही आपण वाळूत. पण समुद्र तापला, की हीच हवा पाणी घेऊन उठते आणि आत डोंगराच्या पायथ्याशी जाऊन ओतते.

नायेली पुरिसाका नावाची एक कार्टी आहे, अकरा वर्षांची, जिचं तोंड झोपेतही बंद होत नसेल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मोठ्या बाई, तुम्ही तर शिकवलं होतं की आपल्याकडे पाऊस नाही कारण हा वाळवंटी प्रदेश आहे."

"मग? चूक आहे?"

"चूक नाही, पण ते कारण झालं का? ते तर नुसतं नाव झालं."

तिला व्हरांड्यात उभं केलं. चौतीस वर्षं मी ते वाक्य शिकवलंय, कुणाची बिशाद नव्हती. १८ अंश.

१६ नोव्हेंबर, बुधवार

चांगली गोष्टही लिहावी. नवीन शाळेचा स्लॅब टाकून झाला. पाच खोल्या, पक्कं छत, फरशी. मी अकरा वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा कुठे हे उभं राहतंय. इथे टेकडीवरच्या जुन्या शाळेत पत्रा गंजलाय, पायऱ्या चढून लहान मुलांची दमछाक होते. नवीन शाळा खाली मेलेल्या, वर्षानुवर्षं कोरड्या घळीत आहे. सपाट, टणक जमीन, रस्त्याला लागून. मार्चमध्ये नवीन वर्षाला उद्घाटन. दारावर माझं नाव लागणार आहे. मी मागितलं नव्हतं. तेओदोरो एचेने सुचवलं आणि मी नाही म्हटलं नाही.

तेओदोरो कोळी संघाचा अध्यक्ष. मला कोमाद्रे म्हणतो, कारण त्याच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मीच हातात धरलं होतं. जागा त्यानेच मिळवली. शाळेच्या भोवती वीस-बावीस कुटुंबांनी खुंट्या ठोकून, बोरूच्या चटया उभ्या करून आपापली जागा धरली आहे. इथली रीतच ती. चटई लावा, तिच्यात राहा, आणि शाळा आली की तिच्यामागून नळ, दिवे आणि मालकीचे कागद येतात.

अठ्ठ्याण्णव साली ही घळ वाहिली होती हे मी नाकारत नाही. तेव्हा वर बांध नव्हता. आता तेओदोरोने बुलडोझर लावून मातीचा बांध घातलाय, दोन पुरुष उंच. शिवाय मेलेली म्हणतात ती उगाच म्हणत नाहीत.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आज तिने मर्यादा ओलांडली.

फळीवर वाळूचं गाव केलं. टेकडी, धक्का, घळ, सगळं हुबेहूब. घळीत काडेपेटीची नवीन शाळा, भोवती काड्यांच्या झोपड्या. मग पोरांच्या हातात झारी देऊन म्हणाली, "समुद्र तापलाय. आता पाऊस कुठे पाडाल?" पोरांनी गावावर पाडला. काही झालं नाही, वाळूने पिऊन टाकला. मग म्हणाली, "आता गावात थेंबही नको. लांब, डोंगराच्या पायथ्याशी पाडा." पोरांनी फळीच्या दुसऱ्या टोकाला झारी ओतली. दोन मिनिटं काहीच नाही. मग पाणी घळीतून आलं, बांध फोडला आणि काडेपेटी घेऊन थेट फळीखाली गेलं.

"गावावर तर ऊन होतं!" नायेली म्हणाली.

"हो," ती म्हणाली. "हेच लक्षात ठेवायचं."

माझ्या शाळेला काडेपेटी करून वाहवून दाखवली! संध्याकाळपर्यंत गावात बातमी, आणि पालक शाळेच्या दारात.

नायेलीची आई सगळ्यात पुढे. "ए डोंगरवाली! माझी पोरगी जेवत नाही. म्हणते, आई, आपण काडेपेटीत राहतो. तुझ्या बापाची जागा आहे का ती?"

"तुमचीच जागा आहे, ताई. म्हणूनच सांगते, पाऊस लागला तर तिथे..."

"पाऊस! अठरा वर्षांत मी छत्री विकत घेतलेली नाही!"

"आम्ही समुद्रात जाळी टाकत होतो," तेओदोरो म्हणाला, "तेव्हा तुझे लोक लामा जनावरांच्या शेपट्या मोजत होते. बादलीत समुद्र मावतो होय गं?"

सगळे हसले. मीही हसले. ती लाल झाली, पण मागे हटली नाही. "बादलीत मावत नाही. पण ताप किती आहे ते कळतं," म्हणाली.

मला तिच्या आवाज न चढवण्याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

९ डिसेंबर, शुक्रवार

१९. वारा दक्षिणेचा.

आज पोरांना 'घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून या' असा अभ्यास दिला होता. पूर्वी समुद्र तापल्याचं कसं कळायचं? नायेली वही घेऊन माझ्याकडेच आली. म्हणाली, "मोठ्या बाई, तुम्ही म्हाताऱ्या आहात ना?"

हाकलून दिलं. पण डोक्यात ते राहिलं. माझा बाप रोज सकाळी मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. त्र्याऐंशीच्या आधीच्या नाताळात तो घरी येऊन म्हणाला, "पाणी मऊ झालंय." तेवढ्यावर त्याने लग्नाचा पलंग विकून गाढवं भाड्याने घेतली आणि घर उचलून टेकडीवर नेलं. अख्खं गाव हसत होतं. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, शिकलेली, आणि माझा बाप गाढवामागून चुलीचे दगड नेत होता. मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही. पाणी आलं खरं नंतर. जुनी शाळा टेकडीवर त्याच्या घराशेजारी बांधली ती त्यामुळेच. पण ती गोष्ट वेगळी. तो कोळी होता. ही कोण?

१ जानेवारी, रविवार

वर्षाच्या शेवटच्या दिवशी नको असलेल्या माणसाचा पुतळा जाळायचा, ही आमची जुनी पद्धत. एखाद्या वर्षी मंत्री, एखाद्या वर्षी फुटबॉलचा पंच. या वर्षी इल्डा. काळ्या लोकरीच्या दोन वेण्या, डोंगरी टोपी, हातात बादली. तपकिरी घागरा माझा होता, जुना. लिहायला लाज वाटत नाही.

लहान मुलं जागी असताना व्हावं म्हणून सूर्य बुडतानाच पेटवला. शाळेला सुट्टी लागली तरी ती गावी गेली नव्हती. आली, आणि पुढच्या रांगेत उभी राहिली. वाटलं, आता रडेल. तेओदोरो बाटली उंचावून ओरडला, "बघ गं, समुद्रापेक्षा तूच जास्त तापलीस!" माणसं खिदळत होती. ती खाली वाकून नायेलीला काहीतरी म्हणाली. नायेलीने बोट वर केलं आणि किंचाळली, "धूर दक्षिणेकडे चाललाय! वारा उत्तरेचा आहे!"

पोरांनी तिथेच वहीत लिहिलं. स्वतःच्या चितेच्या धुरावर धडा घेणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. निर्लज्जपणाला काही सीमा?

समुद्र २१. वारा उत्तरेचा. हे मीही पाहिलं.

१६ जानेवारी, सोमवार

२४. सुट्टी असूनही तिचे वर्ग वाळूवर चालू आहेत, पगाराशिवाय. आठ मुलं चोरून जातात. नायेलीला आईने त्यावरून मारलं. तरी जाते.

अतोनात उकडतंय. रात्रीसुद्धा चादर नको. पेलिकन धक्क्यावर येऊन माणसांच्या पायात बसतात, हाकलले तर उठत नाहीत. आज तीन मेलेले दिसले. बंदरातल्या घाणीने मेले असतील. नेहमीची आंचोवेता मासळी नाही, पण कोळी खुशीत आहेत, कारण लांबच्या गरम पाण्यातला सोनेरी पेरिको मासा आपल्या पायांनी चालत आलाय, कोळंबी तर ढिगाने. तेओदोरो म्हणाला, "कोमाद्रे, समुद्र आम्हाला भेट देतोय आणि ती बाई म्हणते आजारी आहे!"

शिवाय रेडिओवर राजधानीतल्या शास्त्रज्ञांनी स्पष्ट सांगितलं की यंदा काही विशेष नाही. मी हे तिला ऐकवलं.

"त्यांचे आकडे मोठ्या समुद्राचे आहेत, बाई," ती म्हणाली. "आपल्या दारातला समुद्र त्यांनी अजून पाहिला नसेल."

राजधानी चुकते आणि बादली बरोबर! नोंद केली.

२८ जानेवारी, शनिवार

२६.

पाय धुवायला किनाऱ्यावर गेले होते. गुडघ्यापर्यंत शिरले. नेहमी घोट्याशीच हुडहुडी भरते. आज बराच वेळ उभी राहिले. पाणी मऊ

पेन संपलं होतं. महत्त्वाचं काही नव्हतं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

पाऊस! खरा, थेंबांचा. पोरं तोंड उघडून रस्त्यात नाचली, बायकांनी भांडी बाहेर ठेवली. घळीतल्या चटया भिजल्या, पण पाणी जमिनीने पिऊन टाकलं. तेओदोरो तिच्या खिडकीखाली जाऊन ओरडला, "ए बादली! आला तुझा पाऊस! कुठे आहे तुझा पूर?"

जुन्या शाळेचा पत्रा सात ठिकाणी गळतो. पोरांची आकड्यांची वही टेबलावर होती, तिचा लगदा झाला. म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. इथे मुलांना ठेवणं धोक्याचं आहे. पक्क्या छताखाली नेलीच पाहिजेत.

२० फेब्रुवारी, सोमवार

आज भिंतीला चुना मारून घेतला. उद्घाटनाला पाहुणे येणार, टेकडीवरची शाळाही फोटोत दिसणार, त्यात ती निळी लक्तरं कशाला? शिवाय पालकांनीच मागणी केली होती.

ती धावत आली तेव्हा नोव्हेंबर आणि डिसेंबर पुसून झाले होते. पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "बाई, वही भिजली. आकडे फक्त इथे आहेत. निदान उतरवून घेऊ द्या. पाच मिनिटं."

"शाळेची भिंत आहे," मी म्हटलं. "मुलांची नाही."

तिने कुंचला धरायचा प्रयत्न केला. मी रंगाऱ्याला हात थांबवू दिला नाही. मग ती तिथेच वाळूत बसली आणि जानेवारी पांढरा होताना बघत राहिली. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी समाधान झालं.

सगळे आकडे या वहीत आहेत. ते तिला सांगायचं काही कारण नव्हतं.

आज २७.

१० मार्च, शुक्रवार

तक्रार पूर्ण. चार पानं, सोळा तारखा, एक्केचाळीस पालकांच्या सह्या. परवानगीशिवाय भिंत रंगवणे, मुलांच्या मनात भीती घालणे, वरिष्ठांचा अपमान. मागणी एकच, बडतर्फी. शहराच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात लिफाफा दिला.

दुपारी तिला बोलावून सांगितलं, "सोमवारी उद्घाटन. सगळी मुलं गणवेशात, नऊ वाजता, खाली नवीन शाळेत."

"मी मुलांना घळीत नेणार नाही."

"मग तू शिक्षिका नाहीस."

"नसेन. पण नेणार नाही." मग एक पाऊल पुढे आली. "बाई, आत दोन आठवडे रोज पाऊस आहे. वरचे ओढे भरलेत. बांध मातीचा आहे. तुम्ही स्वतः एकदा जाऊन बघा ना वर."

"मला बांध दाखवायला तू जन्माला आली नव्हतीस तेव्हापासून मी इथे आहे."

हे वाक्य नीट जमलं नाही, पण तिला कळलं.

१४ मार्च, मंगळवार

कालचं क्रमाने लिहिते.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. ढगाचा तुकडा नाही. सहा वाजता तिचा फोन आला, मी उचलला नाही. पुन्हा आला, बंद केला. निळा पोशाख घातला, हातात उद्घाटनाचा हातोडा घेतला. दाराशी चिचाचं, म्हणजे मक्याच्या दारूचं, मडकं टांगतात आणि रिबीन बांधलेल्या छोट्या हातोड्याने ते फोडतात, तो. मान माझा होता.

साडेआठला घळीत सगळं गाव. बँडवाले, आया, म्हाताऱ्या, तेओदोरो इस्त्रीच्या सदऱ्यात. पाहुण्यांची गाडी आली नव्हती, रस्त्यात काही अडचण म्हणे. नऊ वाजले. मुलं नाहीत. एकही नाही. सकाळीच ती घरोघरी जाऊन 'मिरवणुकीची तयारी' म्हणून त्यांना टेकडीवर घेऊन गेली होती.

सव्वा नऊला नायेली एकटीच धावत खाली आली. धापा टाकत, सगळ्यांसमोर म्हणाली, "इल्डाबाईंनी निरोप दिलाय. पाठ करून घेतलाय. म्हणाल्या, मोठ्या बाईंच्यात दम असेल तर स्वतः वर येऊन मुलं घेऊन जावीत. आणि म्हणाल्या, कोळ्यांना समुद्रातलं काही कळत नाही. ज्याला कळतं असं वाटतं त्याने वर येऊन माझ्या तोंडावर सांगावं. आणि म्हणाल्या, इथल्या बायका पोरांपेक्षा चटयांवर जास्त जीव टाकतात."

क्षणभर कुणाला खरंच वाटेना. एवढ्या महिन्यांत तिने कुणाला अरे-तुरे केलं नव्हतं. मग जो भडका उडाला! नायेलीच्या आईने चप्पल हातात घेतली. तेओदोरो म्हणाला, "चला कोमाद्रे, आज हिच्या वेण्या धरून खाली आणतो." मी पुढे, गाव मागे. भांडण चुकू नये म्हणून म्हाताऱ्यासुद्धा काठ्या टेकत निघाल्या. बँडवाल्यांनी वाद्यं तिथेच ठेवली.

ती जुन्या शाळेच्या दारात उभी होती, मुलं तिच्यामागे. मी पायऱ्यांवरूनच सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. डोंगरी म्हटलं, कृतघ्न म्हटलं, तिच्या आईचाही उद्धार केला. तेओदोरो दुसऱ्या बाजूने. आणि ती, जिने मघाशी निरोपातून आम्हाला एवढं ऐकवलं होतं, ती एक शब्द उलट बोलत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती. ती गर्दीतून नजर फिरवत ओठांनी मोजत होती. मग विचारलं, "नायेली, तुझी आजी?"

"ती बघा, येतेय!"

"आणि बँडवाले सहाही?"

मला इतका संताप आला, की मी हातोडा उगारला. लिहून ठेवते, उगारला. तेवढ्यात आवाज आला.

आधी वाटलं ट्रक आला. मग जमीन पायाखाली थरथरली. घळीच्या वरच्या वळणावरून तपकिरी भिंत आली, अख्ख्या झाडांसकट. लखलखीत ऊन होतं. चटया पहिल्याच धडकेत गेल्या. शाळा काही वेळ उभी राहिली, पाणी खिडक्यांतून आत शिरताना आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना दिसत होतं. मग तळाची माती गेली आणि पाचही खोल्या एका बाजूला कलंडल्या. माझं नाव लिहिलेलं दार समुद्राकडे गेलं. बँडचा मोठा ढोल त्याच्यामागून.

नायेलीच्या आईच्या हातात चप्पल तशीच होती. एक लहान मूल म्हणालं, "काडेपेटी."

तेओदोरो खाली बसला आणि तोंडावर हात ठेवून रडला. त्याच्या बांधाचं नाव कुणी काढलं नाही.

रात्रभर विचार करतेय. नशीब म्हणायचं दुसरं काय. त्या बाईने नेमका त्याच वेळी असला उर्मट निरोप धाडला नसता, तर आम्ही खालीच असतो. रागाने आम्हाला वाचवलं. सहाचा फोन कशासाठी होता, ते अजून विचारलेलं नाही.

१७ मार्च, शुक्रवार

विचारलं.

आतल्या गावात तिची मावसबहीण राहते. तिने पाच वाजता कळवलं होतं की रात्रभर ओतलंय आणि ओढा पुलावरून चाललाय.

"मग खाली येऊन तसं सांगायचं होतं," मी म्हटलं.

"नोव्हेंबरपासून तसंच सांगत होते, बाई," ती म्हणाली. "माझं बोलणं ऐकून तुम्ही कधी कुठे गेला नाहीत. माझ्यावर चिडून मात्र सगळीकडे आलात."

मी कचेरीत जाऊन दार लावून घेतलं. मला ती अजूनही आवडत नाही. हे प्रामाणिकपणे लिहिते. आपल्याला कुणी असं आतून-बाहेरून ओळखलेलं कुणाला आवडेल?

२२ मार्च, बुधवार

बावीस कुटुंबं जुन्या शाळेच्या तीन खोल्यांत आहेत. पत्रा गळतो. रस्ता तुटलाय, बस पलीकडे अडकली आहे. माझा लिफाफा त्याआधी पोचला की ड्रायव्हरच्या पेटीत पडलाय, कळायला मार्ग नाही.

आज मुलं पांढऱ्या भिंतीसमोर बसली होती. इल्डा म्हणाली, "पुन्हा कधी समुद्र तापला तर पुढच्यांना कळायला हवं. आठवतील ते आकडे लिहू." कुणी म्हणे नाताळला वीस, कुणी म्हणे बावीस. नायेली रडकुंडीला आली. "असं अंदाजे नको! अंदाजे लिहिलं तर तेओदोरोकाका परत हसतील."

मी ही वही घेऊन बाहेर गेले.

"नोव्हेंबर सात," मी म्हटलं. "समुद्र अठरा. वारा दक्षिणेचा. पक्षी भरपूर."

इल्डाच्या हातातला कुंचला थांबला. मग तिने तो नायेलीच्या हातात दिला.

तासभर वाचत होते. प्रत्येक आकड्याच्या वर आणि खाली काय लिहिलंय ते दिसत होतं. एक तारीख वाचायची, पाच ओळी गाळायच्या, पुढची शोधायची. डिसेंबरपाशी नायेलीने मागे वळून पाहिलं. "मोठ्या बाई, मध्ये मध्ये एवढं काय गाळताय?"

"अक्षर लागत नाही."

"तुमचंच आहे ना?"

"माझंच आहे."

"सावकाश वाचा, बाई," इल्डा म्हणाली. ती वहीकडे बघत नव्हती, आणि ते मुद्दाम होतं. "आम्हाला घाई नाही."

एक जानेवारीला मी अडखळले. धुराचं वाचलं, घागऱ्याचं नाही. अठ्ठावीस जानेवारीला सव्वीस म्हटलं आणि थांबले. मग पोरांना सांगितलं की पक्ष्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा, हाताचा. त्या दिवशी मी पाण्यात उभी होते आणि पाणी मऊ होतं. माझ्या बापाचा शब्द आहे. मला तेव्हाच कळलं होतं.

नायेलीने 'मऊ' लिहिलं. कुणी हसलं नाही.

रस्ता आठवड्याभरात उघडेल म्हणतात. लिफाफा पोचला असेल तर कार्यालयातला कारकून चौकशीला येईल आणि मान वर न करता विचारेल, तारीख? त्याच्यापुढे हीच वही उघडायची आहे, आणि त्या वेळी एकही ओळ गाळता येणार नाही.